मिस्त्रीला उघडता येईल असा ट्रक

मराठवाड्यातल्या आमच्या शहरात, गारखेड्यातल्या सूतगिरणी चौकाच्या मागच्या गल्लीत, पाठीवर खोली घेतलेला ट्रक उभा केला की पहिला प्रश्न येतो, "काका, ॲव्हरेज किती देतो?" दुसरा लगेच, "आत संडास आहे का?" दोन्ही रास्तच. पण असा हिंडून आलेला जुना ट्रक पाळणाऱ्याच्या डोक्यात तिसराच प्रश्न असतो. आडरानात बंद पडला, तर तिथल्या मिस्त्रीला तो उघडता येईल का?

जर्मनीचे गुंथर होल्टॉर्फ 1989 साली मर्सिडीजची 300 जीडी घेऊन निघाले आणि 2014 पर्यंत हिंडत राहिले. जवळजवळ 9 लाख किलोमीटर झाले! 'ओटो' नावाची ती गाडी आता श्टुटगार्टच्या संग्रहालयात आहे. लोकांना त्या प्रवासातले देश मोजावेसे वाटतात. मला कौतुक वाटतं ते त्यांनी साधं डिझेल इंजिन निवडलं आणि देखभाल स्वतःच्या हाताने केली, याचं.

आपल्याकडेही साधेपणाला तोटा नाही. 1987 साली आलेली टेम्पो ट्रॅव्हलर मर्सिडीजच्याच टी-वन व्हॅनवरून घेतलेली. युरोपात त्या व्हॅनमध्ये लोकांनी पलंग टाकले, शेगड्या बसवल्या. आपण तिच्यातून लग्नाची वऱ्हाडं नेली. माझं मत विचाराल, तर टाटा 407. 1986 पासून रस्त्यावर आहे, फोर बाय फोरमध्येही निघाली आणि तालुक्याच्या गावी तिचा जाणकार सापडतोच. परदेशी बनावटीचा ट्रक दिसायला देखणा; पण एका सीलसाठी महिना थांबायची तयारी हवी.

आता खोलीचं बघू. ट्रकची चेसी पिळण्यासाठीच बनवलेली असते. एक चाक खड्ड्यात, दुसरं दगडावर, की लांब पट्ट्या किंचित वळतात. चाकं जमिनीला धरून राहतात ती त्यामुळेच. खोलीला मात्र पिळणं मानवत नाही. ती चेसीला सगळीकडून घट्ट आवळली, तर आधी दार अडकतं, मग खिडकीच्या कोपऱ्यातून बारीक तडा निघतो आणि पहिल्याच पावसात गादी भिजते. म्हणून जाणते लोक खोली तीन ठिकाणीच टेकवतात: मागे दोन टेकू आणि पुढे मध्यभागी एक, तोही फिरता. जुना ट्रक विकत घेताना इंजिनाचा आवाज सगळेच ऐकतात. तुम्ही त्याचं एक चाक उंच दगडावर चढवायला लावा आणि मागचं दार उघडून-लावून बघा.

पाण्याचं मात्र गारखेडेकरांना कुणी शिकवायला नको. नळाची वाट बघण्यात आमची हयात गेली. अंघोळ अर्ध्या बादलीत होते. तरी 200 लिटरची टाकी म्हणजे 200 किलो वजन, हे विसरू नये. ती खाली, दोन्ही धुऱ्यांच्या मधे असावी आणि टँकरसारखे आत आडवे पडदे असावेत, नाहीतर ब्रेक लावताच पाणीच गाडी हलवतं.

ट्रक चालण्याने झिजतो त्याहून उभा राहून जास्त खराब होतो. मराठवाड्याच्या उन्हात टायरची नक्षी शाबूत राहते, पण बाजूचं रबर तडकतं. टायर केव्हा बनला ते सांगणारे चार आकडे त्यावर असतात. 1921 लिहिलं असेल, तर ते इंग्रजांच्या काळातलं नव्हे. 2021 सालचा 19वा आठवडा. डिझेलच्या टाकीत दमट हवेचं पाणी साचतं, ते फिल्टरखालचा नट सैल करून काढून टाकायचं.

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही; आरसी बुकात नोंद नसलेली सुंदर खोली नाक्यावर महागात पडते. आणि आपलं हे बावन्न दरवाज्यांचं शहर! वेरूळला निघालात तरी दौलताबादला दरवाजा आडवा येतोच. ट्रकची उंची, वरच्या सोलर पट्ट्यांसकट, मोजून स्टिअरिंगसमोर चिकटवून ठेवा.

पाटे बदलले असतील, तर लांबच्या प्रवासाआधी म्हैसमाळचा घाट एकदा चढवून आणा आणि परतल्यावर पान्हा घेऊन खाली शिरा. पाटे धरणारे नवे यू-बोल्ट पहिल्या फेरीतच सैल होतात. ते आवळून घ्या, मग लेह-लडाखचं बघू.