अम्मीच्या विड्या कोणत्या रकान्यात?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. मी अर्थशास्त्रावर का बोलतोय, असं तुम्हाला वाटेल. कारण आहे माझी अम्मी.

अम्मी घरी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. हजार विड्यांमागे मजुरी. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीमध्ये ते पैसे आहेत. पण "तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं, की ती म्हणायची, "काही नाही, घरीच असते." सरकारी पाहणीवाला आला असता, तर तिच्या नावापुढे 'घरकाम' लिहून गेला असता.

आता पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेकडे बघा. ती १९३० साली सुरू झाली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. त्यांनी पुणे शहरातल्या कुटुंबांची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये छापला गेला. पुढे तिथल्याच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये गरिबीचा हिशेब मांडला. माणसाला रोज २२५० कॅलरी मिळतील एवढा तरी खर्च कितीजणांना परवडतो? १९६०-६१ मध्ये खेड्यांतल्या सुमारे ४० टक्के आणि शहरांतल्या सुमारे ५० टक्के लोकांना तो परवडत नव्हता. त्यासाठी त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे वापरले. आकडे आधीच होते, प्रश्न त्यांनी विचारला. संशोधन म्हणजे हेच.

आपल्याबद्दलही असे प्रश्न विचारले गेले आहेत. 'मुसलमानांची मुलं मदरशातच जातात' हे आपण किती वेळा ऐकलं? २००६ च्या सच्चर समितीने मोजलं, तेव्हा शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी जेमतेम ३ टक्के निघाली. त्याच अहवालात माझी अम्मीही सापडते. काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के घरातच काम करतात. सगळ्या समाजांचं मिळून हे प्रमाण ५१ टक्के. अर्थात, हा हिशेब फक्त 'कामगार' म्हणून नोंदलेल्या बायकांचा. "काही नाही" म्हणणाऱ्या त्यात नाहीत.

समितीचे सदस्य सचिव अबू सालेह शरीफ स्वतः अर्थतज्ज्ञ. असे आपल्यात किती? आपल्या घरात हुशार पोराला दोनच रस्ते दाखवतात, डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. मीही त्यातलाच. पण आज अर्थशास्त्राच्या वर्गात गणित, संख्याशास्त्र, संगणक हेच चालतं. नमुना पाहण्यांच्या मूळ फाइली सरकारच्या संकेतस्थळावर मिळतात. मी त्या उघडल्या, तेव्हा कळलं की कोड लिहिणं सोपं आहे. अवघड आहे ते कुठला रकाना चुकतोय हे ओळखणं. ज्याच्या घरात विड्या वळल्या गेल्या, त्याला ते लवकर दिसतं.

अन्याय झाला म्हणून आपण भाषणं करतो. करावीतच. पण तक्रारीसोबत आकडा ठेवला, तर समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. आणि आकडा आपल्याविरुद्ध गेला, तर तोही मान्य करण्याची हिंमत हवी. मुलींचं शिक्षण सुटतं तेव्हा दोष नेहमी बाहेरच्यांचाच असतो असं नाही.

तुमच्यापैकी दोघांनी-तिघांनी तरी अर्थशास्त्राचा अर्ज भरावा. बाकीच्यांनी आज घरी जाऊन अम्मीला विचारावं, दिवसभरात किती तास काम केलं आणि किती पैसे मिळाले. "काही नाही" म्हणाली, तर पुन्हा विचारा.