भर पावसात गाडी बंद पडली? आधी चावीवरून हात काढा

आजचा विषय पावसाचा आहे, पण भजी-चहाचा नाही. चालती गाडी भर पावसात एकदम बंद का पडते, आणि पडली तर पहिल्या मिनिटात काय करायचं, हे आज बोलूया. कारण त्या एका मिनिटात आपण जे करतो, त्यावर बिल काही शेकड्यांत येणार की लाखाच्या घरात जाणार, हे ठरतं.

गाडी बंद पडली की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा. पाणी कुठे होतं? फक्त वरून पडत होतं, की खाली रस्त्यावर साचलेलं होतं? ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

आधी वरचं पाणी. समजा ताम्हिणी घाटात आहात, धो धो पाऊस आहे, पण रस्त्यावर पाणी साचलेलं नाही. गाडी झटके द्यायला लागते आणि गपकन बंद. पेट्रोल किंवा सीएनजी गाडी असेल तर पहिला संशय ठिणगीवर घ्यायचा. स्पार्क प्लगला ठिणगी पाडायला हजारो व्होल्टचा दाब लागतो. इग्निशन कॉइलला किंवा प्लगवरच्या रबरी टोपीला बारीक तडा गेला असेल, तर कोरड्या हवेत काही कळत नाही. ओल आत शिरली की वीज सोपी वाट शोधते. ठिणगी प्लगच्या टोकाला पडण्याऐवजी त्या तड्यातूनच इंजिनच्या धातूत उतरते. मग सिलिंडर पेटणार कसा?

सीएनजीवाल्यांनी एक खूण लक्षात ठेवा. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. म्हणून गाडी सीएनजीवर झटके देतेय आणि पेट्रोलवर टाकल्यावर बरी चालतेय, तर आधी प्लग आणि कॉइल बघायला सांगा.

दुसरा संशय सेन्सरवर. क्रँकशाफ्ट कुठल्या स्थितीत आहे हे एक सेन्सर इंजिनच्या कॉम्प्युटरला सतत सांगत असतो. त्याच्या जोडणीत पाणी गेलं, गंज धरला आणि सिग्नल तुटला, की कॉम्प्युटरला इंधन कधी सोडायचं तेच कळत नाही. इंजिन बंद. तिसरा संशय टाकीतल्या पाण्यावर. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. आणि पंप इंधन ओढतो ते तळातूनच! पाऊस पडत असताना पेट्रोल भरलं आणि थोड्याच अंतरावर गाडी अडखळली, तर हे मेकॅनिकला नक्की सांगा.

या तिन्ही प्रकारांत गाडी बाजूला घेऊन, थोडं थांबून पुन्हा सेल्फ मारून बघायला हरकत नाही. इंजिन मोडत नाही.

आता खालचं पाणी. इथे खेळ पूर्ण बदलतो.

इंजिनला हवा लागते, आणि ती आत घेणारं तोंड बऱ्याच गाड्यांत पुढे, बॉनेटखाली, हेडलाइटच्या आसपास असतं. सबवेत साचलेल्या पाण्यात गाडी घातली, किंवा शेजारून बस गेली आणि लाट बॉनेटवर आली, की ते तोंड हवेबरोबर पाणीही पितं. पिस्टनचं काम काय? हवा दाबायची. पेट्रोल इंजिनात साधारण १० पट, डिझेलमध्ये साधारण १६ पट. हवा दबते. पाणी दबत नाही. पिस्टन वर यायला बघतो, वर पाणी ठाण मांडून बसलेलं. मग पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी तुटून इंजिनचा ब्लॉकच फोडतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. डिझेलमध्ये जागा कमी आणि दाब जास्त, म्हणून तिथे थोडं पाणीही पुरतं.

बऱ्याचदा पाणी शिरताच इंजिन गुदमरून बंद पडतं आणि काहीच मोडलेलं नसतं. मोडतं ते आपण घाबरून पुन्हा सेल्फ मारतो तेव्हा. म्हणून पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही. एकदाही नाही. चार पोरं गोळा करून, गिअरमध्ये टाकून, ढकलस्टार्टही नाही, कारण त्यानेही पिस्टन तसाच फिरतो. न्यूट्रलमध्ये ढकलून बाहेर काढा आणि टो करून न्या. मेकॅनिक प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढेल, एअर फिल्टर बघेल, ऑइल तपासेल. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर त्यात पाणी गेलंय.

विम्याचंही ऐका. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला गेल्यामुळे इंजिन गेलं, तर साध्या पॉलिसीत तो खर्च सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं, आणि त्याच्याही अटी असतात. जूनच्या आधी पॉलिसी उघडून बघा.

चालत्या गाडीत इंजिन बंद झालं, तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला एक-दोनदाच नेहमीची साथ मिळते. ब्रेक पुन्हा पुन्हा पंप करू नका, एकदाच घट्ट दाबा. चारही इंडिकेटर लावा, गाडी डावीकडे घ्या. गाडी थांबेपर्यंत चावी काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

आणि गाडीपेक्षा मोठी गोष्ट. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी मुंबईत काही माणसं बंद पडलेल्या गाड्यांमध्ये, काचा बंद असताना, अडकून गेली. म्हणून पाणी वाढतंय असं दिसलं की इंजिनची काळजी सोडा. वायरिंगमध्ये पाणी जायच्या आत काचा खाली करा, बेल्ट काढा, बाहेर पडा. काच फोडायची वेळ आलीच तर बाजूची फोडा, कोपऱ्यात मारून. पुढची काच सहज फुटत नाही.

मग पाण्यात घालायची कधी? पाणी चाकाच्या मध्यापर्यंत दिसलं तर गाडी मागे घ्या. वाहतं पाणी असेल तर तेवढीही वाट बघू नका. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलून नेऊ शकतं. अंधेरी सबवे असो की गावाकडचा फरशीवरचा ओढा, हिशेब तोच.

थोडक्यात, वरचं पाणी असेल तर थांबून बघा, खालचं पाणी असेल तर चावीला हात लावू नका. हा भाग घरात ज्याच्या हातात गाडी असते, त्याला आजच पाठवा. भेटूया पुढच्या भागात. सांभाळून चालवा!