ट्रॅक्टर बंद का पडला, हे बाईलाही कळायला हवं

(हिंगोली जिल्ह्यातल्या शेतकरी आणि शेतमजूर बायकांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळपासून आपण सातबाऱ्यावरच्या नावाबद्दल, वारस नोंदीबद्दल बोलतो आहोत. माझा विषय त्याहून वेगळा वाटेल. मी ट्रॅक्टरबद्दल बोलणार आहे, आणि तेही तो बंद पडला की दोष कसा शोधायचा याबद्दल. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत हे मला कुणी शिकवलं नव्हतं. गावात काम करताना बायकांच्या अडचणींमध्ये हे यंत्र वारंवार येऊ लागलं, म्हणून मिस्त्रींच्या शेजारी बसून मी ते समजून घेतलं.

आधी एक प्रश्न. आपल्यापैकी किती जणींच्या नावावर ट्रॅक्टर आहे? बरेच हात वर आले. आता त्यातल्या किती जणींनी तो एकदा तरी सुरू केला आहे? बघा, किती हात खाली गेले. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अल्पभूधारकांप्रमाणेच महिला शेतकऱ्यांनाही ५० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं, इतरांना ४० टक्क्यांपर्यंत. ट्रॅक्टरसाठी ही मर्यादा महिलांना १ लाख २५ हजार रुपये आणि इतरांना १ लाख रुपये अशी ठेवलेली आहे. म्हणून अर्जावर घरच्या बाईचं नाव येतं. कर्जाच्या कागदावर तिचीच सही असते. हप्ता थकला की नोटीसही तिच्याच नावाने येते. किल्ली मात्र तिच्या हातात नसते. नाव आपलं आणि ज्ञान दुसऱ्याचं, अशी ही मालकी आहे.

दुसरी बाजू मजूर बायकांची. ४ एप्रिल २०२५ ची सकाळ आपल्या जिल्ह्यात कुणीही विसरलेलं नाही. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर बायकांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात ट्रॉलीसकट विहिरीत पडला. सात जणी गेल्या. हा अपघात यंत्रातल्या बिघाडाने झाला असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते, की आपण रोज ज्या ट्रॉलीत चढतो तिच्या पुढे जोडलेल्या यंत्राबद्दल आपल्याला काही विचारता येत नाही. ब्रेक लागतात का, पिन नीट आहे का, हे पाहायची आपली प्राज्ञा नाही, असं आपल्या मनावर ठसवलं गेलं आहे. ट्रॅक्टरवर बाई दिसते ती ट्रॉलीत किंवा मडगार्डवर. सीटवर ती क्वचितच दिसते. या दोन जागांमधलं अंतर केवळ दोन हातांचं आहे, पण त्यात सगळी श्रमविभागणी सामावलेली आहे.

आता कुणी म्हणेल, यंत्राचं डोकं बायकांना नसतं. विहिरीवरची मोटर पाणी ओढत नाही तेव्हा आपण काय करतो? लाइट आहे का बघतो. मग फूटव्हॉल्व्ह गळतो का, पाइपात हवा धरली का ते बघतो, आणि पाणी भरून पुन्हा चालू करतो. चूल धुपायला लागली तर सरपण ओलं आहे की हवा कमी पडते, हे आपण धुरावरून ओळखतो. ट्रॅक्टरचा दोष शोधायची रीत हीच आहे. सोपं आणि स्वस्त ते आधी तपासायचं, अवघड आणि महाग ते शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं.

मात्र हात लावण्याआधी चार नियम. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, गिअर न्यूट्रलला आणा, हँडब्रेक ओढा, किल्ली काढून स्वतःजवळ ठेवा. पदर खोचा, वेणी बांधा. मागे फिरणाऱ्या पीटीओच्या दांड्यावर झाकण नसेल तर तो पदर, ओढणी क्षणात ओढून घेतो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि सेल्फची दोन टोकं पान्याने जोडून ट्रॅक्टर सुरू करणाऱ्याला थांबवा. गाडी गिअरमध्ये असेल तर ती जागीच उडी घेते आणि समोरचा माणूस चाकाखाली येतो.

समजा, किल्ली फिरवली आणि इंजिन फिरलंच नाही. तर दोष बहुतेक विजेच्या बाजूला आहे. हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवा एकदम मंद झाला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची टोकं सैल, गंजलेली आहेत. टोकांवरची पांढरी-हिरवट भुकटी गरम पाणी आणि खायच्या सोड्याने निघते. केबल सोडवताना आधी वजा खुणेची, जोडताना ती सर्वांत शेवटी, हे लक्षात ठेवा. दिवा तसाच लख्ख राहिला आणि नुसता 'कट्' आवाज आला, तर सोलेनॉइड किंवा सेल्फकडे बघायचं. काहीच आवाज नाही, तर फ्यूज, किल्लीचा स्विच, आणि गिअर खरंच न्यूट्रलला आहे का, क्लच पूर्ण दाबला का ते पाहा. पुष्कळ ट्रॅक्टरांत तसं केल्याशिवाय सेल्फला वीजच जात नाही. बाजारात काहीशे रुपयांना मल्टिमीटर मिळतो. बंद ट्रॅक्टरची भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. चालू असतानाही आकडा वर चढला नाही, तर बॅटरी चार्ज होत नाही. आधी फॅन बेल्ट सैल आहे का बघा, मग अल्टरनेटर. नुसती नवी बॅटरी घेऊन हा दोष जात नाही, महिन्याभरात तीही उतरते.

आता इंजिन फिरतं, पण सुरू होत नाही. मग इंधनाच्या बाजूला या. टाकीत डिझेल आहे का? इंजिन बंद करायची दांडी ओढलेलीच राहिली नाही ना? फिल्टर तुंबला आहे का, त्याच्या तळाशी पाणी साचलं आहे का? डिझेल पूर्ण संपून गेलं असेल तर नळीत हवा धरते. फिल्टरवरचा बोल्ट थोडा सैल करून हातपंप मारायचा. आधी बुडबुडे येतात. नुसतं डिझेल यायला लागलं की बोल्ट घट्ट करायचा. दवाखान्यात नर्स सलाइनच्या नळीतली हवा काढते, तेच हे काम. पेरणीच्या ऐन वाफशात निव्वळ एवढ्या कामासाठी दिवसभर मिस्त्रीची वाट पाहिली जाते. इंजिन चालू असताना नोजलच्या नळ्यांवर मात्र हात धरू नका. तिथलं डिझेल इतक्या दाबाने सुटतं की कातडीच्या आत शिरतं.

धूर पाहायला शिका. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा ओझं जास्त. सोयाबीनच्या मळणीत एअर फिल्टर भुशाने तुंबतो, तो आधी उघडा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतं आहे. थंडीत सुरू करताना थोडा पांढरा धूर येतो, पण इंजिन तापल्यावरही तो येतच राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर काम थांबवा. इंजिन तापत असेल तर रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा, पाण्याची पातळी आणि फॅन बेल्ट या तीन गोष्टी पाहा. आणि ऑइलचा लाल दिवा चालू कामात लागला तर 'एवढं तास संपवून घेऊ' असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका, इंजिन तिथेच बंद करा. पुढची पाच मिनिटं अख्खं इंजिन खाऊ शकतात.

यापुढचं काम मिस्त्रीचं. पंप, नोजल, गिअरबॉक्स आपण उघडायचं नाही. पण 'ट्रॅक्टर बिघडलाय' असं सांगणारी बाई आणि 'सेल्फ फिरतो, फिल्टर बदलला, हवा काढली, तरी नोजलपर्यंत डिझेल येत नाही' असं सांगणारी बाई, यांना मिळणारी वागणूक वेगळी असते आणि बिलही वेगळं असतं. बदललेला जुना भाग परत मागा. बिल लेखी घ्या. ज्या घरात नवरा राहिलेला नाही, किंवा ऊसतोडीला गेलेला आहे, तिथे हे ज्ञान चैन नाही. नाही तर दिराला, पुतण्याला विनवण्या करता करता एक दिवस ट्रॅक्टर त्यांच्या दारात उभा राहतो आणि पाठोपाठ जमीनही त्यांच्याच हाताखाली जाते.

आता ट्रॉलीत चढणाऱ्या बहिणींसाठी. ट्रॉली माल वाहण्यासाठी आहे, माणसांसाठी नाही. अपघातानंतर विमा मागायला गेलं तर पहिली हरकत हीच निघते. तरी गावात दुसरं वाहन नसतं, हे मला माहीत आहे. म्हणून मागणी आहे ती मजुरांसाठी नीट वाहनाची. ती पदरात पडेपर्यंत निदान एवढं पाहा. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायपेडलं असतात, शेतात वळवताना ती सुटी वापरतात. रस्त्यावर ती पट्टीने जोडलेली हवीत, नाही तर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर फिरतो. पेडल दाबल्यावर दोन्ही सारखी खाली जातात का? साध्या ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो, सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर येतो. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारा ड्रायव्हर आपला जीव पणाला लावत असतो. ट्रॉलीच्या पिनला खाली खिट्टी आहे का? मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर आहे का? वाटेत बिनकठड्याची विहीर असेल तर तिच्या अलीकडेच उतरून चाला.

एकटी बाई 'मी बसणार नाही' म्हणाली तर तिची मजुरी बुडते, आणि दुसऱ्या दिवशी तिला बोलावणंही येत नाही. म्हणून हे एकटीने म्हणायचं नाही. गुत्तं घेतानाच सगळ्या टोळीने ठरवून सांगायचं की ब्रेक पाहिल्याशिवाय आम्ही चढणार नाही. दहा जणींचा नकार मालकाला परवडत नाही.

शेवटी मागण्यांबद्दल. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक ट्रॅक्टर' हा एक वर्षाचा कोर्स आहे, दहावी झालेल्या मुलीला तो करता येतो. मुलींना शिवणकाम नि ब्युटी पार्लरपलीकडे हा रस्ताही दाखवू या. कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे. बायकांसाठी ट्रॅक्टर दुरुस्तीचे वर्ग गावात घ्या, दुपारच्या वेळात घ्या, आणि लेकरं सांभाळायची सोय करा, असा अर्ज आपण तिथे द्यायला हवा. बचत गटाने अवजार बँक काढली असेल तर तिच्या ट्रॅक्टरची देखभाल-वही गटातल्या बाईने लिहावी. तेल कधी बदललं, फिल्टर कधी बदलला, मीटरवर किती तास झाले, हे तिच्या अक्षरात असलं की 'तुम्हाला काय कळतं' हे म्हणणं अवघड होतं.

बाहेर एक ट्रॅक्टर उभा आहे. जेवणानंतर तिथे जमू. बॅटरी कुठे आहे, फिल्टर कुठला, ब्रेकची पट्टी कुठली, हे प्रत्येकीने आपल्या हाताने दाखवायचं. हात काळे होतील, साबण ठेवला आहे.