गोळी, पेज आणि घराचा हक्क
(मालवणमध्ये महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



एच.आय.व्ही.सह जगणाऱ्यांच्या निवासी केंद्रात ‘सर्वांगीण आरोग्य’ म्हणजे काय, यावर मी बोलायचं आहे. योगासनं, ध्यान, मालिश, काढे हे लगेच आठवतं. मी मात्र सुरुवात गोळीपासून करते.

पुण्यात विजयाताई लवाटे यांनी १९९७ मध्ये ‘मानव्य’ सुरू केलं. पंढरपुरात मंगलताई शहांची ‘पालवी’ २००१ ची. तेव्हा सरकारी दवाखान्यात ए.आर.टी. मोफत नव्हती, ती एप्रिल २००४ पासून मिळू लागली. २०१७ पासून तर निदान झालं की लगेच औषध सुरू करायचं, असं धोरण आहे. नियमित औषधाने रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही. म्हणून केंद्र ही मरणाची वाट बघायची जागा राहिलेली नाही.

गोळीला जोड हवी अन्नाची. त्यासाठी महागड्या पावडरी नकोत. उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, नाचणी, तारली, बांगडा हे आपल्याकडेच आहे. योगासनांनी झोप सुधारते, मनाची घालमेल कमी होते. पण काढ्याने एड्स बरा होतो असं सांगून कुणी गोळी सोडायला लावत असेल, तर त्याला अडवा. औषध कायद्याच्या अनुसूची ‘जे’नुसार असा दावा करायला मनाई आहे. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात; वेळ चुकली तर डॉल्यूटेग्रॅविर शरीरात नीट शोषलं जात नाही.

आता आपला, बायकांचा प्रश्न. पहाटे उठवून रांगेत प्राणायाम करायला लावणं म्हणजे आरोग्य नव्हे. केंद्रातल्या बायकांनीच सगळ्यांचं रांधायचं, भांडी घासायची आणि त्याला ‘उपचार’ म्हणायचं, हेही नव्हे. काय करायचं, काय नाही, हे तिने ठरवायचं.

आणि ती तिथे आली कशी? आपल्या किनाऱ्यावर नवरा मुंबईला, बाई गावी, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. तो गेला की आजाराचा ठपका तिच्यावर, आणि घराचं दार बंद. २०१७ चा एच.आय.व्ही. कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. राहत्या सामायिक घरातून तिला बाहेर काढता येत नाही, असं तो स्पष्ट सांगतो.

तेव्हा केंद्राला भेट द्याल तेव्हा योगवर्ग जरूर बघा. पण तिथल्या बाईला एकटीला गाठून विचारा: गोळी वेळेवर मिळते का? तुझं गुपित राखलं जातं का? आणि घरी जावंसं वाटतं का? ती ‘हो’ म्हणाली, तर तिच्यासोबत तिच्या दारापर्यंत जाणं हे आपलं काम.