विजेच्या गाडीची वॉरंटी आणि शाळेतलं पत्रलेखन
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

इतक्या वर्षांनी भेटूनही टोपणनावानेच हाका मारणाऱ्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे: "तुझ्या गाडीच्या बॅटरीचं काय झालं ते सांग." याच प्रश्नासाठी आपल्या ग्रुपमधल्या कितीतरी जणांचे मला फोन आले. सुरुवात बहुधा अशी, "काहून बे, कंपनीनं खरंच नवी बॅटरी देली का?" हो, दिली. एक पैसा न घेता दिली. कशी मिळाली ते सांगतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या दारात आता विजेची स्कूटर किंवा कार उभी आहे. कंपनीचं आणि डीलरचं नाव मात्र घेणार नाही. आमचा हिशेब मिटला आहे.

२०२१ च्या दिवाळीत मी गाडी घेतली, ती मुख्यतः आईसाठी. तिला महिन्यातून दोनदा सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागायचं. यवतमाळहून कळंब, देवळी, वर्धा करत सेवाग्राम आणि परत, असा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. सुरुवातीला एसी लावूनही गाडी एका चार्जमध्ये दोनशे किलोमीटर जायची, त्यामुळे घरी पोचल्यावरही चार्ज शिल्लक असायचा. पुढे ही शिल्लक कमी होत गेली. मे २०२४ मध्ये सेवाग्रामहून परतताना, देवळी सोडल्यावर, पडद्यावरचे २८ टक्के पाहता पाहता ६ झाले आणि गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. आई मागच्या सीटवर होती आणि भर दुपारचं ऊन होतं. दुसऱ्या गाडीने आईला घरी आणलं आणि आमची गाडी टो करून डीलरकडे नेली.

त्यानंतर डीलरकडे चार चकरा झाल्या आणि चारही वेळा वेगळं कारण मिळालं. आधी म्हणाले, सॉफ्टवेअर अपडेट केलं, आता काही त्रास नाही. मग म्हणाले, तुम्ही फास्ट चार्जिंग जास्त केलं. तिसऱ्यांदा, "काका, यवतमाळचं ऊनच असं आहे, बॅटरी तरी काय करणार?" चौथ्यांदा सांगितलं, क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तरच वॉरंटी लागू होते आणि तुमची ७४ आहे. नवी बॅटरी विकत घ्यायची तर सहा लाखांच्या वर खर्च येईल. गाडीच्या किमतीचा एवढा मोठा हिस्सा, आणि हे सगळं तोंडी! माझ्या हातात एकही कागद नव्हता.

आपल्याला दहावीला मराठीच्या बाईंनी औपचारिक पत्र घोटून घेतलं होतं. दिनांक, प्रति, विषय, संदर्भ, मग मजकूर. संदर्भाची ओळ राहिली की बाई अर्धा गुण कापायच्या. तेव्हा त्या अर्ध्या गुणावरून आपण किती कुरकुरायचो! बॅटरीच्या या सहा महिन्यांत मला जे मिळालं ते त्या संदर्भाच्या ओळीने मिळालं. म्हणून मी तुम्हाला माझं पत्रच सांगतो, एकेक भाग करून.

पहिला संदर्भ वॉरंटीच्या पुस्तिकेचा. गाडीसोबत ती मिळते आणि बहुतेक घरांत डिकीत पडून असते. माझ्या पुस्तिकेत बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तिथपर्यंत, असं लिहिलं होतं. त्याखाली दोन वेगळी कलमं होती. एक क्षमतेचं, तीच ती ७० टक्क्यांची अट. दुसरं, साहित्यातल्या किंवा उत्पादनातल्या दोषाचं, आणि त्यात टक्केवारीची अट नव्हती. डीलर मला सारखं पहिलंच कलम वाचून दाखवत होता. माझी तक्रार दुसऱ्यात बसत होती.

हा फरक नीट समजून घ्या. लिथियम बॅटरी वयाने आणि वापराने थोडी थोडी झिजतेच, उन्हात जरा लवकर झिजते. ते साहजिक आहे. पण २८ चे ६ टक्के क्षणात होतात, ती झीज नसते. कारच्या बॅटरीत कितीतरी सेल एकामागोमाग जोडलेले असतात. अरुंद पांदणीतून बैलगाड्यांची रांग चालली असेल तर सगळ्यात थकलेल्या बैलांच्या चालीनेच सगळ्यांना चालावं लागतं. तसंच, एक-दोन सेल किंवा एखादं मॉड्यूल कमजोर पडलं की बाकीच्यांत वीज असूनही गाडी थांबते. सरासरी काढली तर आकडा ७४ येईलही, पण त्या सरासरीत कमजोर मॉड्यूल लपून जातं.

दुसरा संदर्भ जॉब कार्डचा. गाडी सर्व्हिसला दिली की सर्व्हिस ॲडव्हायझर त्यावर तक्रार लिहितो. माझ्या पहिल्या दोन कार्डांवर "जनरल चेकअप" एवढंच होतं. तिसऱ्या वेळी मी सांगितलं, माझे शब्द लिहा: "चार्ज २८ टक्क्यांवरून अचानक ६ टक्क्यांवर आला आणि गाडी थांबली." तसं लिहून घेतलं, तारीख आणि किलोमीटरचा आकडा टाकून घेतला, प्रत घेतली. गाडी परत घेताना "काम समाधानकारक" अशा छापील ओळीखाली सही मागतात. तिथे मी "तक्रार कायम आहे" असं लिहून मग सही केली. शोरूममधल्या पोरांना त्याचं हसू आलं. येऊ द्या.

तिसरा संदर्भ गाडीच्याच पोटात होता. विजेच्या गाडीत बॅटरीवर लक्ष ठेवणारी एक यंत्रणा असते. सेलचं व्होल्टेज, तापमान, आलेले दोष यांची ती नोंद ठेवते आणि कंपनीच्या उपकरणाने ती वाचता येते. मी लेखी विचारलं: फास्ट चार्जिंग जास्त झालं असं आपण म्हणता, तर किती वेळा झालं याची नोंद द्या. ७४ टक्के क्षमता मोजली, तर कोणत्या तारखेला आणि कोणत्या पद्धतीने, तो अहवाल द्या. सगळ्या सेलचं व्होल्टेज द्या. उन्हाबद्दल एकच वाक्य लिहिलं: ही गाडी आपण यवतमाळच्या ग्राहकाला विकली, तेव्हा यवतमाळचं ऊन आपल्याला माहीत होतं.

माझी स्वतःची नोंदही मी जोडली. तीन आठवडे रोज चार्जिंगच्या आधी आणि नंतर पडद्याचा फोटो, किलोमीटरचा आकडा आणि चार्जिंगला किती युनिट लागले ते. भिंतीतून घेतलेले सगळेच युनिट बॅटरीत जात नाहीत, काही उष्णतेत जातात. त्यामुळे अशी वही म्हणजे पक्का पुरावा नव्हे. पण अशी वही समोर असली की समोरच्याला "ठीक आहे, चालतंय" म्हणून सुटता येत नाही.

आता 'प्रति'. डीलर गाडी विकतो, पण वॉरंटी देते ती गाडी बनवणारी कंपनी. म्हणून पत्र दोघांना, एकाच मजकुराचं, ई-मेलने आणि रजिस्टर्ड पोस्टाने. डीलर म्हणाला, "काका, एवढं कशाला लिहिता, फोन करायचा ना!" मी फोनही करायचो. पण प्रत्येक फोननंतर त्याच दिवशी ई-मेल टाकायचो: आज आपलं असं बोलणं झालं, यात काही चूक असल्यास कळवावे. चूक आहे असं कोणी कधी कळवलं नाही.

जुलैत कंपनीचं ठरावीक उत्तर आलं, "आपली तक्रार नोंदवली आहे." ऑगस्टमध्ये मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार दिली. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण तक्रारीला क्रमांक मिळतो आणि कंपनीकडे तो पोचतो. पत्राच्या संदर्भात आणखी एक ओळ वाढली.

सप्टेंबरमध्ये पंधरा दिवसांची नोटीस दिली आणि सोबत यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करायच्या तक्रारीचा मसुदाच जोडला. डीलर जिल्ह्याबाहेरचा होता. त्याच्या बिलावर "वाद आमच्या शहराच्या न्यायक्षेत्रात" असं छापलेलं होतं आणि त्या ओळीला भिऊन माणसं गप्प बसतात. पण २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या ३४ व्या कलमानुसार, ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेली वस्तू जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. ५ लाखांपर्यंत फी नाही, १० ते २० लाखांच्या गाडीला ४०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, त्यासाठी १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे नवं पोर्टल आहे. आपल्यातले कोणी स्वतःची ई-रिक्षा चालवून पोट भरत असतील, तर तेही ग्राहकच. धंद्याचं वाहन म्हणून त्यांना बाहेर ठेवता येत नाही.

एक गोष्ट मात्र वहीत लिहून घ्या. तक्रारीला मुदत दोन वर्षांची आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं. "बघू, वरून मंजुरी येऊ द्या" यात दोन वर्षं सहज जातात, आणि आपल्या भिडस्त स्वभावामुळे ती आपण जाऊ देतो.

हा हक्क आपल्याला कोणी आयता दिलेला नाही. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा ग्राहकाचा असा कायदाच नव्हता. तो झाला २४ डिसेंबर १९८६ ला, म्हणून त्या तारखेला आपण राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो. आज विजेच्या गाड्यांच्या बाबतीत तो किती लागतो, ते ओला इलेक्ट्रिकच्या प्रकरणात देशाने पाहिलं. हेल्पलाइनवर आलेल्या १०,६४४ तक्रारींवरून ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या कंपनीला कारणे दाखवा नोटीस काढली. मोजता आल्या त्या तक्रारी नोंदवलेल्या होत्या म्हणून. घरी बसून जे चरफडले, ते त्या आकड्यात नाहीत.

एप्रिल २०२२ मध्ये आपल्या परळीच्या एका ग्राहकाने बंद पडलेल्या विजेच्या स्कूटरला गाढव जुंपून गावातून वरात काढली होती, आठवतं? फोटो देशभर गेला. त्याचा राग मला पूर्ण समजतो. गाढवाची कल्पना माझ्याही डोक्यात येऊन गेली. पण गाढव सांभाळण्यापेक्षा फाइल सांभाळणं सोपं, असं बायकोचं मत पडलं.

नोटिशीचे पंधरा दिवस संपायच्या आत कंपनीचा अभियंता लॅपटॉप घेऊन यवतमाळला घरी आला. दोन तास मोजणी केली. एका मॉड्यूलमधले सेल बाकीच्यांपेक्षा मागे पडत होते. अहवालाची प्रत मी तिथेच मागून घेतली. नोव्हेंबरमध्ये संपूर्ण बॅटरी बदलून मिळाली. नव्या बॅटरीवर मूळ वॉरंटीची उरलेली मुदत लागू राहील, हेही लिहून घेतलं. टोचे पैसे मिळाले. मधल्या काळात सेवाग्रामला भाड्याच्या गाडीने गेलो, त्याचे पैसे मागितले होते, ते दिले नाहीत. त्यासाठी आयोगात जाता आलं असतं. पण आईच्या फेऱ्या सुरू होत्या आणि गाडी धावत होती, म्हणून तिथे थांबायचं मी ठरवलं. कोणी पुढे गेलं असतं तर तेही योग्यच ठरलं असतं.

एक सावधगिरी. "बॅटरी बाहेर उघडून घेतो, स्वस्तात सेल बदलून देतो" म्हणणारे आता आपल्या भागातही आहेत. वॉरंटी चालू असताना त्यांच्याकडे जाऊ नका. कारच्या बॅटरीतली वीज जीव घेण्याइतकी असते, आणि सील तुटलं की कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं. सर्व्हिसही वेळेवर करा आणि प्रत्येक पावती ठेवा.

माझी पत्रं, नोटीस आणि तक्रारीचा मसुदा, नावं खोडून, मी झेरॉक्स करून आणले आहेत. जेवणाच्या मंडपात शाळेच्या टेबलावर ठेवलेत. ज्याला हवे त्याने घ्यावेत. स्कूटर असो, फ्रिज असो की शेतातला पंप, विषयाची ओळ बदलली की तेच पत्र चालतं. आणि बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. एक प्रत तुमच्यासाठी वेगळी ठेवली आहे. संदर्भाची ओळ तपासून घ्या.