वीतरागाचे प्रेम



आजच्या विषयावर बोलायला खरे तर एखादे प्रवचनकार हवे होते. मी साधी होमिओपॅथिक डॉक्टर. पण तुटलेली नाती मी रोज बघते, आणि एक स्वतः भोगलेही आहे. म्हणून आमंत्रण स्वीकारले.

कॅम्पातल्या माझ्या दवाखान्यात माणसे झोप लागत नाही, पित्त होते, केस गळतात अशा तक्रारी घेऊन येतात. होमिओपॅथीत रोग्याची सगळी हकिकत ऐकून घ्यायची रीत आहे. ऐकता ऐकता तिसऱ्या-चौथ्या खेपेस खरे बाहेर पडते. ठरलेले लग्न मोडलेले असते, नवरा वेगळा राहत असतो, मुलगा फोन उचलत नसतो. आमच्या ग्रंथांत ताज्या दुःखासाठी इग्नेशिया आणि गिळून टाकलेल्या जुन्या दुःखासाठी नॅट्रम मूर सांगितले आहे. ही दोन्ही औषधे मी दिली आहेत. पण साबुदाण्याएवढ्या गोळीने गेलेले माणूस परत येत नाही, हे मला दवाखाना उघडण्याआधीच कळले होते.

एकोणतिसाव्या वर्षी मी दोन ट्रंका घेऊन माहेरी आले. संसार चार वर्षांचा झाला होता. दोष कोणाचा, हा आजचा विषय नाही. वडील काही बोलले नाहीत. आईने दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करायला लावली आणि मला किल्ल्यातल्या कमल बस्तीत घेऊन गेली.

ही बस्ती तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ च्या सुमारास ती बांधली. छतातले दगडी कमळ पाहायला पाहुण्यांना आपणच घेऊन जातो. पण आत काळ्या पाषाणात कोण बसले आहेत, याचा त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट विचार केला. ते बाविसावे तीर्थंकर, भगवान नेमिनाथ. म्हणजे मांडवाच्या दारातून वरात फिरवून गेलेला नवरदेव!

कथा आपल्याला ठाऊक आहे. नेमिकुमार श्रीकृष्णाचे चुलतभाऊ. उग्रसेनाची मुलगी राजुल हिच्याशी लग्न ठरले, वरात निघाली. वाटेत मेजवानीसाठी कोंडलेले प्राणी दिसले, त्यांचा आक्रोश ऐकू आला. नेमिकुमारांनी रथ वळवला आणि गिरनारवर जाऊन दीक्षा घेतली. लहानपणापासून ही कथा मी करुणेची म्हणून ऐकत होते. त्या सकाळी मात्र मनात आले, प्राण्यांची दया आली, मग हातावर मेंदी काढून बसलेल्या पोरीची का आली नाही? मी हात जोडले नाहीत. आईला ते दिसले. ती एवढेच म्हणाली, "रागाव. त्यांना राग लागत नाही."

श्रोतेहो, वीतराग या शब्दाचा अर्थ मला पाठ होता, पण तो समजायला आईचे हे वाक्य लागले. आमचा देव जग निर्माण करत नाही, वर देत नाही, शिक्षा करत नाही. भक्ताकडून त्याला काही नको असते. णमोकार मंत्रात एकाही व्यक्तीचे नाव नाही आणि कसले मागणेही नाही. आधी मला हे कोरडे वाटायचे. मग लक्षात आले, की माझे नाते देवाणघेवाणीच्या हिशेबात मोडले होते. मी इतके केले, मला काय मिळाले? हा हिशेब जिथे चालतच नाही, अशी जागा मला हवी होती. तिथे मला कोणी टाकू शकत नव्हते, कारण तिथे कोणी मला घेतलेच नव्हते. मी फक्त जाऊन बसायचे होते.

राजुलमतीचे पुढे काय झाले, तेही आठवा. तिला दुसरे स्थळ मिळाले असते. तिने तीच गिरनारची वाट धरली, पण त्यांना परत आणायला नव्हे. श्वेतांबर परंपरेच्या उत्तराध्ययन सूत्रात पुढचा प्रसंग आहे. पावसात भिजून ती गुहेत शिरली असता नेमिनाथांचाच भाऊ रथनेमी, साधू असूनही, तिच्यावर भाळला. तिने त्याला खडसावून पुन्हा मार्गावर आणले. जिला टाकले असे जग म्हणत होते, तिने दुसऱ्याला सावरले. बरे झाल्याची खूण हीच.

आपल्या दोन्ही भाषांनी अशा स्त्रिया पाहिल्या आहेत. कन्नडातल्या अक्कमहादेवीने कौशिक राजाला सोडून चेन्नमल्लिकार्जुनालाच पती मानले. काही कथांत तो राजा जैन होता असे सांगतात. जैन म्हणून मी ते लपवणार नाही. मराठीतल्या संत बहिणाबाईंचे लग्न लहानपणीच तीस वर्षांच्या बिजवराशी झाले. तुकोबांच्या भक्तीपायी त्यांनी नवऱ्याचा मार सोसला आणि आत्मचरित्रपर अभंगांत ते सांगितलेही. एक घर सोडून गेली, एक घरात राहिली. म्हणून मी कोणत्याही लेकीला "सोस, देव बघतो आहे" असे सांगत नाही. मार होत असेल तर आधी घराबाहेर पड, पोलिसांत जा. झोप उडाली असेल, जिवाचे बरेवाईट मनात येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. मी स्वतः चिठ्ठी देते. देव हा उपचार टाळण्याचा बहाणा नव्हे.

मला किती दिवस लागले? सात पर्युषणे. सातव्या वर्षी दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी मी एक पोस्टकार्ड लिहिले: कळत-नकळत मन दुखावले असेल, तर क्षमा असावी. पत्ता त्यांचा होता. उत्तर आले नाही. महिन्याभराने आईने विचारले, "काही आले का?" तेव्हा माझ्या ध्यानात आले, की मी पोस्टमनची वाट बघायचीच विसरले होते.

दुसऱ्या दिवशी मी किल्ल्यात गेले. नेमिनाथ होते तसेच बसले होते. या वेळी मी हात जोडले.

श्रोतेहो, तुमचे दैवत विठोबा असो, यल्लम्मा असो, आणखी कोणी असो. तुटलेले माणूस परत दे, असे मागायला जाऊ नका. नुसते जाऊन बसा. आणि तुमच्या घरी कोणी ट्रंक घेऊन परत आली असेल, तर तिला प्रश्न विचारू नका. तिच्याबरोबर जाऊन बसा.

 जय जिनेंद्र.