शेवाळाला लागणारी वर्षे

पावसाळ्यात चिऱ्याच्या गडग्यावर, आंब्याच्या खोडावर शेवाळ धरते. त्याची गणती आपण कधी करत नाही. पाय घसरला तरच त्याची आठवण! गुरुजींनी मात्र मूठभर शेवाळ मुलांसमोर पिळून दाखवावे. केवढे पाणी निघते ते पाहा.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात, होह नदीच्या खोऱ्यात या शेवाळाचेच राज्य आहे. तिथे वर्षाला सुमारे १४० इंच पाऊस पडतो. आपल्या महाबळेश्वरला याहून अधिक पडतो म्हणा, पण तो चार महिन्यांत उरकतो. तिकडे हवा थंड, पाऊस मुख्यतः हिवाळ्यातला आणि उन्हाळ्यातही धुके. त्यामुळे मॅपल वृक्षांच्या फांद्यांवर शेवाळाच्या जाड गाद्याच साचतात.

या गाद्यांखाली काय आहे, हे पाहायला दोर लावून झाडावर चढल्या नलिनी नाडकर्णी. आडनाव ओळखीचे वाटले ना? त्यांचे वडील भारतीय. बाई वाढल्या मात्र अमेरिकेतच. शेवाळ कुजून फांदीवरच माती होते आणि झाड फांदीतूनच मुळे फोडून तिच्यातले अन्न घेते, हे त्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केले. वडाची पारंबी जमिनीकडे धावते. हे झाड वरच्या वरच आपली शेती करते!

पण हेच शेवाळ ओरबाडून पोत्यांनी बाजारात जाते. फुलवाल्यांना ते सजावटीला आणि बांधणीला लागते. उघडी पडलेली फांदी पुन्हा झाकायला किती काळ लागतो? नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही फांद्या मुद्दाम खरवडून वर्षानुवर्षे पाहिल्या. हिशेब निघाला तो दशकांचा. मग रानाबाहेर शेवाळ पिकवता येईल का? कोणत्या जातीला किती पाणी हवे, हेच माहीत नव्हते. रोज निगराणी करणारी माणसे हवीत, आणि त्यांच्यापाशी वेळ हवा.

अशी माणसे त्यांना मिळाली तुरुंगात. २००४ च्या सुमारास सीडर क्रीक येथील कैद्यांच्या हाती त्यांनी शेवाळ दिले. या कामाला विळा-कोयता लागत नाही, हे अधिकाऱ्यांच्याही पथ्यावर पडले! कैद्यांनी पाणी घातले, वाढ मोजली, नोंदी ठेवल्या. त्यांतला एक सुटल्यावर सूक्ष्मजीवशास्त्राच्या अभ्यासाला लागला. आणि २००९ पासून त्याच तुरुंगात, दुर्मिळ होत चाललेल्या एका ठिपकेदार बेडकाची पिल्ले वाढवून पाणथळीत सोडण्याचे काम कैद्यांनी हाती घेतले.